तेमिरकुलच्या हमामाचं कुलूप

हे तुम्ही मानणार नाही. नका मानू, मला सवय आहे. मागच्या हिवाळ्यात मी लांडग्याला कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाजून झोपवल्याची हकीकत सांगितली, तीही या चहाच्या दुकानात कुणी मानली नव्हती, आणि तो लांडगा तर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. पण दरड उपसून होईपर्यंत तुम्हाला जायचंय कुठे? ड्रायव्हर झोपलाय, रस्ता बंद आहे, मायरमचे सामसे अजून तंदूरात चिकटलेले आहेत. तेव्हा ऐका. मी, हा असानाली, आमच्या गावच्या हमामात आणखी दोघांबरोबर जिवंत शिजत होतो आणि आम्हाला बाहेर काढायला फक्त एक शब्द पुरे होता. बाहेर सगळी आळी जमली होती. तो शब्द प्रत्येकीला ठाऊक होता.

"मग बोलली का नाही कुणी?" मायरमनं तंदूरात डोकं घालूनच विचारलं. हे दुकान तिचं. तिला गोष्ट पुढून ऐकायची सवय नाही, मधूनच ओढते.

"तू तुझ्या सासऱ्याचं नाव घेतेस का?" मी म्हटलं.

"अबा, जीभ झडेल माझी."

"तेच. आता गप्प बस आणि चहा ओत."

तर तो हमाम. आता तो तेमिरकुलचा म्हणतात, पण बांधला आळीनं. अशर करून बांधला. एकानं मातीच्या विटा पाडल्या, दुसऱ्यानं पोपलरची तुळई आणली, बायकांनी कढईभर पिलाव केला, आणि चूल रचली मी. ती चूल एकदा पेटवली की तळ्याच्या पलीकडच्या गावातले लोक कोट काढून ठेवायचे. हमामाला कुलूप नव्हतं. जो पाणी ओढेल आणि सरपण आणेल, त्यानं अंघोळ करावी. पुढे जुनं राज्य गेलं, सगळ्याला मालक शोधायची टूम निघाली, आणि एका सकाळी तेमिरकुलला आठवलं की हमामाखालची जमीन आपल्या बापाची होती. मग वरचा हमामही आपसूक त्याचा झाला. आम्ही काय करणार? भावकीतला, वयानं मोठा, शिवाय चहाला बोलावतो.

त्यानं पहिलं काम काय केलं, तर माझी चूल फोडली आणि विजेची शेगडी बसवली. मी त्याला त्या दिवशी जे बोललो ते इथे सांगत नाही, मायरम आहे. पण तेव्हापासून मला हमामात बंदी.

"मग तुम्ही आत होतात कसे?"

"घुसलो होतो. मध्ये बोलू नकोस."

दुसरा माणूस उलारबेक. चाळिशीचा, फोन दुरुस्त करतो, दुकान हमामाच्या भिंतीला लागून. त्याला एकच वेड, ओपन सोर्स. तुमचा फोन त्याच्याकडे टाकलात की फोन पाच मिनिटांत दुरुस्त होतो आणि तुम्ही संध्याकाळी सुटता. माझ्या मेव्हण्याच्या मयतीत, शेजारच्या यूर्तच्या तंबूत बायका आक्रोश करताहेत, आणि हा माझ्या कानाशी, "अबा, सॉफ्टवेअर म्हणजे अशर. एकानं भिंत घातली, दुसऱ्यानं छप्पर घातलं, ज्याला हवं त्यानं आत यावं, बघावं, वाकडी वीट सरळ करावी. कंपनी काय करते? आपल्याच विटा उचलते, त्यांना रंग देते, दाराला कुलूप लावते आणि आपल्यालाच महिन्याच्या महिन्याला भाडं मागते. उद्या तुमची खुर्ची तुम्हाला विचारेल, बसायची परवानगी घेतली का!" मी म्हटलं, बाबा, आधी मेव्हण्याला पुरू दे.

पण माणूस शब्दाचा पक्का. कुठल्याही कंपनीच्या अटी पूर्ण वाचल्याशिवाय 'मान्य' दाबायचं नाही, ही त्याची शपथ. त्यामुळे त्याच्या घरातला टीव्ही आजतागायत चालू झालेला नाही. त्याच्या बायकोनं लग्नाला होकार दिला, तेव्हा त्यानं तिलाही म्हणे विचारलं, नीट वाचलंस ना?

तर तेमिरकुलनं शहरातल्या एका कंपनीकडून यंत्र आणलं. कंपनीचं नाव मी घेत नाही, त्यांचे वकील आपल्यापेक्षा चांगलं जेवतात. लोखंडी दार, दाराबाहेर भिंतीवर एक डबी, डबीच्या पोटात एक गोड आवाजाची बाई. शेगडी ती पेटवणार, पंखा ती फिरवणार, दार ती उघडणार. दार उघडायला परवलीचा शब्द हवा. कंपनीचा पोरगा म्हणाला, काहीही ठेवा, जर्दाळू ठेवा, मंगळवार ठेवा. तेमिरकुलनं छाती फुगवली आणि म्हणाला, "माझं नाव ठेव. माझ्या हमामात जो येईल त्यानं आधी माझं नाव घेतलं पाहिजे."

झालं. आमची आळी म्हणजे एका खोडाच्या फांद्या. तिथली प्रत्येक बाई कुणा ना कुणाची सून, म्हणजे तेमिरकुलचीही सून, पुतणसून, भावजय. झुराकान म्हातारी त्याच्याहून वयानं मोठी, पण नात्यानं तो तिच्या नवऱ्याचा चुलता. तिनंही त्याचं नाव जन्मात घेतलेलं नाही. तेव्हापासून बायकांच्या दिवशी गुरुवारी हे दृश्य: पंधरावीस बायका टॉवेल, टोपल्या, अंग झोडपायच्या बर्चच्या जुड्या घेऊन दाराशी उभ्या, आणि कुणीतरी पुरुष रस्त्यानं जाईल, 'तेमिरकुल' म्हणेल, म्हणून वाट बघताहेत. कधी टपालवाला म्हणायचा. कधी मी म्हणायचो, पण मी आधी थोडी गंमत बघायचो.

तेमिरकुलची खरी सून बुरुल. घर, गाई, हमाम, सगळं तिच्या डोक्यावर. नवरा मेंढ्या घेऊन वर कुरणावर. तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून ही बाई लग्नापासून लोखंडालाही लोखंड म्हणत नाही, 'कडक' म्हणते. दुकानात जाऊन म्हणते, "कडकाचे खिळे द्या." तिनं सासऱ्याला एकदा विचारलं होतं, "अता, तो शब्द बदलता येईल का?" तेमिरकुल म्हणाला, "का? नाव वाईट आहे?"

आता त्या दिवसाचं. जून महिना. पुरुष सगळे कुरणावर, जे कुरणावर नाहीत ते रशियात विटा वाहताहेत. आळीत पुरुष म्हणाल तर तिघे, आणि तिघेही आत. तेमिरकुलनं उलारबेकला मुद्दाम बोलावलं होतं. "रोज माझ्या भिंतीआड बसून माझ्या यंत्राला शिव्या देतोस. ये, एकदा बसून बघ, मग बोल." उलारबेक आला. मी त्यांच्या पाठोपाठ, वाफेत मिसळून.

बसलो. डोक्यावर फेल्टच्या टोप्या, बाकी देवानं दिलेलं. तेमिरकुल म्हणाला, "काय म्हणतोस? हात लावावा लागला कशाला?"

"हात लावता येत नाही, हीच तर तक्रार आहे, अबा," उलारबेक म्हणाला. "आतमध्ये काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही."

"मला कशाला माहीत पाहिजे? मेंढीच्या पोटात काय आहे ते मी बघतो का?"

"खाण्याआधी बघता की."

तेवढ्यात डबीतली बाई बोलली. आतही एक छोटा भोंगा होता. "आपल्या परवान्याची मुदत समाप्त झाली आहे. नूतनीकरण सुरू आहे. सुरक्षेच्या कारणास्तव दार आतून उघडणार नाही. कृपया बाहेरील यंत्रासमोर मालकाचे नाव स्पष्टपणे उच्चारावे."

तेमिरकुलनं आतलं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग मुठीनं ठोकलं. बाई म्हणाली, "धन्यवाद."

सुरुवातीला आम्ही हसलो. उलारबेक तर इतका खूश, की जणू त्याचंच लग्न. "सांगितलं होतं! तुमच्या अंगणात, तुमच्या विजेवर, तुमच्यावर पहारा!" आतून आम्ही नाव ओरडून पाहिलं, दाराआडून ते डबीला पोचेना. मग शेगडीचा काटा वर सरकला. ती बंद करायचं काम बाईचं, आणि बाई नूतनीकरणात. उष्मा असा, की माझ्या मिशीचा एक भाग वितळून छातीवर आला. तेमिरकुलचा सोन्याचा दात मऊ पडला, तो बोलताना त्याला जीभ चिकटायला लागली. धुराड्यावरून एक चिमणी उडत गेली ती पलीकडच्या अंगणात भाजूनच पडली, झुराकानच्या मांजरीनं खाल्ली.

आणि मग तेमिरकुलनं छातीवर हात ठेवला. त्याचं हृदय अधू. गोळ्या बाहेर खुंटीवर, कोटाच्या खिशात. मग आम्ही हसायचे थांबलो.

"बुरुल!" तो ओरडला. "ए बुरुल!"

बाहेरून पावलं आली. "काय अता? पाणी हवंय?"

"माझं नाव घे!"

"काय म्हणालात?"

"यंत्रासमोर उभी राहा आणि माझं नाव घे!"

"अता, वाफ डोक्यात गेलीय तुमच्या. दार उघडते, बाहेर या."

"दार उघडत नाही म्हणून तर सांगतोय, बये!"

बुरुल हुशार बाई, पटकन समजली. धावत जाऊन तिनं मुख्य बटण पाडलं. शेगडी विझली, पण पंखाही थांबला, आणि दगड तर लाल झालेले. आता उकाड्यात गुदमरायलाही लागलं. कुलूप मात्र तसंच, कारण वीज गेली की चोर येतात म्हणून कंपनीनं त्याला आणि डबीला वेगळी बॅटरी दिलेली. बुरुलनं कुऱ्हाड आणली. दोन घाव घातले आणि ओरडली, "अता, दार कडकाचं आहे, लागत नाही!"

"डबीच फोड, जेंगे!" उलारबेक ओरडला. जेंगे म्हणजे वहिनी, ती त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको. "सील तोड, आत लाल आणि निळी तार असेल!"

"खबरदार!" तेमिरकुल गरजला. "सील तुटलं तर हमी संपते!"

छातीत कळ येतेय आणि माणूस हमी सांभाळतोय. मी पुष्कळ लोभी लोक पाहिलेत, पण बहुतेक निदान कपडे घालून असतात.

तोवर बायका जमल्या. शेणाचे हात, पिठाचे हात, एकीच्या काखेत कोकरू. बुरुलनं रशियातल्या दिराला फोन लावला, तो बिचारा भिंतीवर उभ्या उभ्या 'तेमिरकुल, तेमिरकुल' ओरडला. फोन डबीला लावला तर बाई म्हणे, "यंत्रातून आलेला आवाज ग्राह्य धरला जात नाही." रस्त्यावर एक ट्रक थांबवला. काच खाली झाली तर चालवणारी झुराकानची भाचेसून. एक पोरगी घोडा घेऊन कुरणाकडे पळाली, पण कुरण काय परसात आहे?

तेमिरकुल बाकावरून खाली जमिनीवर सरकला. तिथे जरा गार असतं. तोंडाचा रंग मेणासारखा. "बुरुल," तो हळूच म्हणाला, "मी सांगतो ना. मी मोकळीक देतो. घे नाव."

बाहेर बायकांची कुजबुज. झुराकान म्हणाली, "आज मोकळीक देईल. उद्या आळीभर सांगेल, सुनेनं मला भर चौकात नावानं हाक मारली." दुसरी म्हणाली, "आणि म्हातारे म्हणतात, नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य तुटतं." तिसरी म्हणाली, "नाही घेतलं तरी तुटतंयच की."

अशा वेळी गप्प राहील तो उलारबेक कसला? दाराच्या फटीला तोंड लावून त्यानं सुरू केलं, "जेंगे, ऐक! ही परंपरा नाही, हे बंद कुलूप आहे! किल्ली एकाच्या हातात देऊन सगळ्यांनी दाराशी उभं राहायचं, ही कंपनीची रीत. तू मुक्त आहेस! ज्ञान सगळ्यांचं, शब्द सगळ्यांचे—"

"उलारबेक," बुरुल म्हणाली. आवाज अगदी शांत, मायरमचा असतो ना उधारी मागताना, तसा. "दर गुरुवारी आम्ही या दाराशी उभ्या असतो. तुझं दुकान भिंतीला लागून. तू आतून काचेतून बघतोस. एक तरी गुरुवार बाहेर येऊन तो शब्द बदलायला सांगितलास? साऱ्या जगाची कुलपं तुला दिसतात. आमच्या जिभेवरचं नाही दिसलं ते?"

उलारबेक बोलायचा थांबला. मी त्याला जन्मापासून ओळखतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे ऐकलं नाही. समजलं ना तुम्हाला.

"मला वाटायचं," तो शेवटी म्हणाला, "टपालवाला येईलच."

"आला नाही तर आम्ही न्हायलो नाही," बुरुल म्हणाली.

मग तेमिरकुलचा आवाज आला, इतका बारीक, की मला वाटलं भोंगाच बोलतोय. "पोरी, मला मरायचं नाही. आणि मेलो तर या उघड्या अंगानं उलारबेकशेजारी मरायचं नाही."

बायका मागे सरल्या. बुरुल डबीपुढे उभी राहिली. आधी तिनं रुमाल नीट बांधला, कानावरचे केस आत खोचले. कान कुंकवासारखे लाल. ओठ हलले, आवाज नाही. ती डाव्या बाजूला तीनदा थुंकली, मग मान वळवून तिनं सरपणाच्या ढिगाकडे पाहिलं, जणू तिथून कुणी हाक मारेल अशी आशा आहे. जर्दाळूचं ओलं लाकूड, त्याचा वास असा येत होता की डोकं गरगरावं. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "तेमिरकुल."

"आवाज अस्पष्ट आहे," डबीतली बाई म्हणाली. "कृपया मोठ्याने उच्चारावे."

एका बाईच्या काखेतलं कोकरू खाली पडलं. बुरुलनं डोळे उघडले, आणि तिच्या चेहऱ्यावर असा राग चढला, की तो लग्नापासूनच्या पंधरा वर्षांचा होता हे आंधळ्यालाही दिसावं. "तेमिरकुल!" ती ओरडली. "तेमिरकुल! लोखंड! लोखंडी दार! लोखंडाचे खिळे! तेमिरकुल!" समोरच्या डोंगरावरून बर्फ घसरलं. झुराकाननं आधी तोंडावर हात धरला, मग हात काढला, आणि तिचे होते नव्हते ते दोन दात दाखवत तीही हळूच म्हणाली, "तेमिरकुल." मग दुसरी म्हणाली. मग सगळ्याच. नुसता गलका. काहीजणी रडत होत्या, काही हसत होत्या, आणि एकीनं तर नावाच्या पुढे माझ्यासुद्धा लक्षात राहील अशी शिवी जोडली.

"धन्यवाद," बाई म्हणाली. "ओळख पटली. पुढे जाण्यापूर्वी नवीन अटी मान्य कराव्यात."

"थांब!" आतून उलारबेक किंचाळला. सवय हो, सवय. "जेंगे, वाचल्याशिवाय दाबू नकोस!"

आत काहीतरी सपकन वाजलं. तेमिरकुलनं पडल्या पडल्या बर्चची जुडी त्याच्या पाठीत घातली होती. बाहेर बुरुल खरंच वाचायला लागली. "ग्राहकाच्या हमामातील वाफेच्या वापराविषयीची माहिती कंपनी—"

"जेंगे," उलारबेकचा आवाज फुटला. "दाब. मान्य आहे. सगळं मान्य आहे, माझ्यातर्फे दाब!"

जन्मात पहिल्यांदा. आणि सांगतो, तो 'मान्य' म्हणाला तेव्हा तेमिरकुलनं जुडी खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बुरुलनं दाबलं. खट्ट झालं. दार उघडलं, आणि आतून वाफेचा असा लोट निघाला की आळीवर ढग जमून गार पाऊस पडला. त्या पावसातून आधी उलारबेक बाहेर आला, त्याच्या खांद्यावर तेमिरकुल, दोघे उकडलेल्या बीटासारखे. बायकांनी तोंडं फिरवली, म्हणजे निम्म्यांनी. बुरुलनं गोळी जिभेखाली ठेवली, पाणी पाजलं. तेमिरकुलनं डोळे उघडून पहिला शब्द काय म्हणावा? "मंगळवार," म्हणाला. "शब्द मंगळवार कर." आणि बुरुल म्हणाली, "काही नको अता. आता मला येतो." आणि ती जाऊन सरळ सरपणाच्या ढिगाजवळच्या ओंडक्यावर—

"एक मिनिट, अबा." मायरमनं सामश्यांचं ताट माझ्यापुढे ठेवलं नाही, हातातच धरलं. "दार लोखंडी. हमामाला खिडकी असते का कधी?"

"नसते," मी म्हटलं. "वाफ जाईल ना."

"मग बुरुलचे कान लाल झालेले तुम्हाला आतून दिसले कसे? आणि पहिल्यांदा उलारबेक बाहेर आला, त्याच्या खांद्यावर तेमिरकुल. तिसरा कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्रायव्हरसुद्धा उठून बसला.

"मी... जरा मागून आलो."

"खोटं! साफ खोटं!" मायरमनं ताट टेबलावर आपटलं. "तुम्ही आत नव्हताच! त्या सरपणाच्या ढिगामागे दडून बसला होतात, ओल्या जर्दाळूचा वास घेत! आळीतला एक पुरुष बाहेर होता, आणि त्याला खुशाल 'तेमिरकुल' म्हणता येत होतं!"